कुणाचे कुत्रे?

वैशाख महिना होता. मंगळवार, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. सोलापूरकडचे वैशाखातले ऊन कसे असते ते तुम्हांस सांगायला नको. पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुपारी तर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि आपली सावली आपल्याच पायाखाली गोळा होते.

एक कांदेवाला टेम्पो घेऊन बाजाराला आला. बरोबर त्याचे तांबडे कुत्रे होते. सकाळचे नऊ वाजले असतील. टेम्पोच्या मागच्या अंगाला चांगली लांब सावली पडली होती. कांदेवाल्याने कुत्र्याला त्या सावलीत नेले. फाळक्याच्या कडीला साखळी अडकवली. अर्धी भाकरी टाकली आणि तो कांदे विकायला गेला.

साडेबारा वाजता आम्ही भाजीची पिशवी घेऊन तिथून चाललो होतो. सावली टेम्पोच्या पोटाखाली गेली होती. कुत्रे मात्र जिथे बांधले होते तिथेच. साखळी हातभर, तीही वर कडीला अडकवलेली. कुत्र्याला टेम्पोखाली शिरता येईना. जीभ लांब बाहेर आली होती. तोंडाला चिकट लाळ होती. जमीन इतकी तापली होती की ते एक पाय उचली, मग दुसरा उचली.

आम्ही थांबलो. आणखी दोघे-तिघे थांबले.

एक म्हणाला, "कुणाचं हाय कुणास ठावं!"

दुसरा म्हणाला, "चावंल, गुर्जी. जाऊ द्या. ज्याचं त्याला कळतं."

आम्हांला ते पटले. खरे सांगायचे तर पटले नव्हते. पण ऊन लागत होते आणि घरी पान वाढून ठेवले होते. आम्ही निघून गेलो.

चार वाजता पुन्हा बाजारात आलो, तो टेम्पोपाशी घोळका जमलेला. कुत्रे मेले होते. आमची कल्पना अशी होती की याचा धनी मोठा निर्दय माणूस असणार. तसा तो नव्हता. त्याने आपला टॉवेल कुत्र्यावर पांघरला होता आणि शेजारी मातीतच बसला होता.

तो म्हणाला, "सावलीत बांधलं हुतं वो मी. हितंच तर हुतो, कांद्याच्या वळीत. गिऱ्हाईक सुटंना. येवढी माणसं हितनं गेली. एकानं सुदिक हाक मारली न्हाई."

कांद्याची ओळ तिथून चाळीस पावलांवर होती. आम्ही नंतर मोजली.

मंडळी, परक्याच्या जनावरात परक्याने पडावे की पडू नये? या प्रश्नावर आम्ही पारावर, देवळात, एस.टी.त पुष्कळांशी बोललो आहोत. पडू नये असे म्हणणारे काही मूर्ख नव्हेत. त्यांचे म्हणणे असे, की जनावर ज्याचे त्याला त्याची काळजी जास्त. हे बहुतेक वेळा खरेच असते. आपली म्हैस किती पाणी पिते ते आपल्याला ठाऊक. वाटेने जाणाऱ्याला काय ठाऊक? उगाच कुणी आपल्या गोठ्यात येऊन शहाणपण शिकवू लागला, तर आपल्यालाही राग येईल.

पण त्या कांदेवाल्याचे पाहा. त्याने कुत्रे शेवटचे पाहिले ते सकाळी नऊला. त्याच्या मनात ते अजून सावलीतच होते. आम्ही पाहिले साडेबाराला. सावली सरकल्याचे आम्हांला दिसत होते, त्याला दिसत नव्हते. म्हणजे त्या घडीला त्या कुत्र्याविषयी धन्यापेक्षा आम्हांला जास्त माहिती होती. ती आम्ही आपल्यापाशीच ठेवली आणि जेवायला गेलो.

एकनाथ महाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावड खाली ठेवली आणि देवासाठी आणलेले पाणी गाढवाला पाजले. "हे गाढव कुणाचे? तुम्ही कोण पाणी पाजणारे?" असे त्यांना कुणी विचारल्याचे कथेत येत नाही. आपल्या बाजारात विचारतील! तेव्हा आपण थोडे जपून वागावे लागते. ते कसे, ते पुढे सांगतो. आधी कुत्र्याच्या अंगाची गोष्ट समजून घेऊ.

माणसाला उकडले की सगळ्या अंगाला घाम येतो. घाम वाळतो आणि अंग निवते. मातीचा माठ पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार राहते, तसेच हे आहे. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याला घाम येतो तो फक्त पायाच्या तळव्यांना. म्हणून कुत्रे धापा टाकते. जीभ आणि घसा यांतली ओल वाऱ्याने उडते आणि त्याचे अंग निवते. पण आत पाणीच उरले नाही, किंवा भोवतालची हवाच भट्टीसारखी झाली, तर कितीही धापा टाकून उपयोग होत नाही. कुत्र्याच्या अंगाची उष्णता एरवी १०१ ते १०२ असते. आपल्याला तो ताप वाटेल, पण त्याला ती बरोबर आहे. ती १०६ च्या पुढे गेली की उष्माघात होतो आणि आतली इंद्रिये बिघडू लागतात. नाक बसके असलेली विलायती कुत्री आता गावोगाव दिसतात. त्यांना धाप नीट टाकता येत नाही. ती लवकर पडतात.

नुसती जीभ बाहेर आली म्हणून घाबरू नये. उन्हाळ्यात कुत्रे धापा टाकायचेच. पण लाळ दाट, चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, कुत्रे झोकांड्या देऊ लागले, ओकले, किंवा हाक मारली तरी मान उचलीना, तर समजावे की आता वेळ थोडा आहे.

अशा वेळी परक्या माणसाने काय करावे? पहिली गोष्ट, मोठ्याने ओरडावे. "हे कुत्रं कुणाचं?" असे चार वेळा ओरडायला काही पैसे पडत नाहीत. दोन पोरांना दोन बाजूंना पिटाळावे. दहांत आठ वेळा धनी जवळच सापडतो. तो सापडला की त्याच्यावर गुरकावू नये. "तुमच्या कुत्र्यावर ऊन आलंय बरं का, दादा," एवढेच म्हणावे. "कुत्रं मारायला ठेवलंय काय?" असे म्हटले की माणूस कुत्रे सोडून आपल्याशी भांडू लागतो. आमचा स्वभाव थोडा मास्तरी, त्यामुळे ही चूक आमच्याकडून झालेली आहे.

धनी येईपर्यंत पाणी ठेवावे. भांडे काठीने पुढे सरकवावे, हाताने नको. उन्हाने कासावीस झालेले कुत्रे गरीब असले तरी चावू शकते. साखळी एकदम सोडू नये. कुत्रे पळून मोटारीखाली गेले, तर तो दोष आपल्यावर येईल. साखळी सोडण्यापेक्षा सावली करणे सोपे. एखादे पोते, घोंगडी, ताडपत्री, नाहीतर आपली छत्री धरावी. कुत्र्याला सावलीकडे नेता येत नसेल, तर सावली त्याच्याकडे न्यावी.

ते पडलेच असेल तर मात्र वाट पाहू नये. सावलीत घ्यावे. पोटावर, मांड्यांवर, काखेत पाणी ओतावे आणि पुठ्ठ्याने वारा घालावा. आपल्याकडे ओले पोते पांघरून ठेवण्याची चाल आहे. तसे करू नये. थोड्या वेळाने ते पोते गरम होते आणि आतली उष्णता आत कोंडते. पुन्हा पुन्हा पाणी आणि वारा, हेच बरे. तोंडात बळेच पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. ते आपणहून पिऊ लागले तर थोडे थोडे प्यावयास द्यावे. उठून बसले तरी जनावरांच्या डॉक्टरला दाखवायला धन्यास सांगावे, कारण आतला बिघाड मागाहून उमटतो. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारावे. आणि कुत्रे चावलेच, तर जखमेला हळद, चुना, तिखट काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. हे लक्षात असू द्या.

आता कायदा काय म्हणतो? आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल या बाईंनी फार खटपट केली. त्या मद्रासच्या मोठ्या नर्तकी, राज्यसभेच्या सभासद होत्या. पुढे १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ निघाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. या कायद्याने, आपल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. फार आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांत तर असे आहे, की ऊन ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन बैल, घोडे, गाढव यांना गाडीला जुंपू नये, त्यांच्या पाठीवर ओझे लादू नये. आमच्या बाजारात हा नियम ठाऊक असलेला माणूस आम्हांला अजून भेटायचा आहे. कुत्र्याच्या गुन्ह्याला पहिल्या खेपेस दंड पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांत हल्ली काय येते ते तुम्हीच पाहा. म्हणून आम्ही कायद्याची भीती घालीत बसत नाही. पण परक्याने कळकळीने बोलणे म्हणजे नसती उठाठेव, असे कुणी म्हटले तर त्याला सांगता येते की प्राणिमात्रांवर दया करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून आपल्या घटनेत लिहिले आहे. १९७६ साली ते घातले गेले.

मोटारीची गोष्ट थोडी निराळी आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही पंढरपुरास गेलो होतो. एका वाहनतळावर एक बंद मोटार उभी होती आणि आत पांढरे, केसाळ कुत्रे. काच बोटभर उघडी होती. लोकांना वाटते, तेवढ्या फटीने हवा जाते. तसे होत नाही. बाहेर ३५ अंश असले तरी बंद मोटारीत दहा मिनिटांत ४५ होतात आणि अर्ध्या तासात ५० च्या वर जातात. फट ठेवून फारसा फरक पडत नाही. त्या दिवशी बाहेरच चाळिशी उलटली होती.

पावत्या फाडणाऱ्या पोराने पावतीचे बुक पाहिले. मोटार येऊन पंचवीस मिनिटे झाली होती. आम्ही दारे ओढून पाहिली. कुलूप होते. एकाने दगड उचलला. आम्ही त्याला म्हटले, "दोन मिनिटं थांब." पोराने भोंग्यावरून मोटारीचा नंबर पुकारला. एकदा, दोनदा, तीनदा. आमचे लक्ष कुत्र्याकडे होते. ते उभे होते. ते आडवे झाले असते, तर आम्ही त्या माणसाचा हात धरला नसता, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे २०१६ साली असा कायदा झाला, की जनावराचा जीव जात असेल, दार कुलूपबंद असेल आणि आधी पोलिसांना कळवले असेल, तर काच फोडणाऱ्यास दोष नाही. पोलीस येईपर्यंत त्याने जनावरापाशी थांबले मात्र पाहिजे. आपल्या १९६० च्या कायद्यात काचेबद्दल काही लिहिलेले नाही. म्हणून आपण आधी धन्याला पुकारावे, ११२ वर पोलिसांना फोन करावा आणि चार माणसे साक्षीला ठेवावीत.

मोटारवाले साहेब आले ते तणतणतच. "तुम्हाला काय करायचंय? काच उघडी ठेवलीय, दिसत नाही?" आम्ही काही बोललो नाही. त्यांच्या बाईंनी दार उघडले आणि आत हात घातला. पट्ट्याच्या लोखंडी कडीला बोट लागले, तसा त्यांनी हात झटकन मागे घेतला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कुत्रे उचलून लिंबाखाली नेले आणि पाण्याची बाटली त्याच्या अंगावर रिकामी केली. साहेबांचा राग काही गेला नाही. जाताना त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कुत्रे मात्र शेपूट हलवीत मोटारीत बसून गेले.

कांदेवाला अजून मंगळवारी येतो. त्याने दुसरे कुत्रे आणले आहे, काळे, फार खोडकर. आता तो त्याला ओळीतच, आपल्या पालाखाली बांधतो. आणि बाजाराच्या तोंडाशी जो चहावाला बसतो, त्याला आम्ही एक काम लावून दिले आहे. बारा वाजले की तो किटली खाली ठेवतो, टेम्पोंच्या रांगेवर नजर फिरवतो आणि कुठे काही बांधलेले दिसले की हाळी देतो, "कुणाचं हाय रं हे? ऊन आलं, ऊन!"