ऊन आणि पावसाचा खंड यांचा हिशेब एकत्र मांडा

सोयाबीनचा उतारा घटला की आपण पावसाचे मिलिमीटर मोजतो आणि तापमान विसरून जातो. ही चूक महागात पडते, असं मी अनुभवाने सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के पाऊस कमी झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि कमाल तापमानाची सरासरीही तोवरच्या सगळ्या ऑगस्ट महिन्यांपेक्षा जास्त होती. मराठवाड्यात सोयाबीन फुलावर येतं, शेंगा धरतं ते नेमकं याच दिवसांत. जमिनीत ओल कमी झाली की पानं रंध्रं मिटून घेतात. पाणी वाचतं, पण पानांतून वाफ बाहेर पडल्याने पिकाला मिळणारा गारवाही थांबतो आणि पान भोवतालच्या हवेपेक्षा जास्त तापतं. दुसरीकडे, हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते, म्हणून उरलीसुरली ओलही झपाट्याने जाते. दोन्ही ताण एकमेकांना असे बळ देतात. फुलगळ होते, शेंगा पोचट राहतात, दाणा बारीक पडतो. एकट्या खंडाने किंवा एकट्या उन्हाने इतकं नुकसान सहसा होत नाही.

यावर कुणी म्हणेल, पाणी दिलं की उन्हाचं काय एवढं? पाण्याने पीक थंड राहतं हे मला मान्यच आहे. पण मार्च २०२२ च्या उष्णतेत पंजाबचा गहू ओलिताखाली असूनही त्याचा दाणा आकसला आणि मे महिन्यात केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पाणी नुकसान कमी करतं, पुसून टाकत नाही. म्हणूनच शेततळ्यात थोडंच पाणी असेल तर ते वाढीच्या काळात उधळू नका. फुलं लागताना आणि शेंगा भरताना, कडक ऊन पडायच्या आत, तुषार संचाने एक संरक्षित पाणी द्या. पेरणी रुंद वरंबा-सरीवर केली तर आधीचा पाऊस जास्त मुरतो. सगळं रान एकाच वाणाखाली आणू नका. लवकर आणि उशिरा येणारे वाण विभागून घेतले तर सगळ्यांचा फुलोरा एकाच खंडात सापडत नाही. हलक्या जमिनीत, पाण्याची कसलीच सोय नसेल तिथे, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याच. तुरीची मुळं खोल जातात आणि ऑगस्टमध्ये ती अजून फुलावर आलेली नसते.