जिवंत पेशीचा उजेड वाचायचा कसा?

दहावीत पेशीश्वसन शिकताना एनएडीएच आणि एफएडी ही नावं तुम्ही पाठ केली असतील, मार्कांपुरती! पण हे रेणू चमकतात, आणि त्या चमकेवरून पेशीचं चयापचय ती जिवंत असतानाच पाहता येतं.

आधी घरी करून पाहा. कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये बी-कॉम्प्लेक्सची गोळी मिळते. तिचा चुरा पाण्यात ढवळा, गाळा. दिवे बंद करा आणि दुकानदार नोटा तपासतात तो यूव्ही टॉर्च ग्लासावर धरा (डोळ्यांवर मुळीच नको). पाणी पिवळट-हिरवं उजळतं. हे रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२. पेशी यापासूनच एफएडी बनवते. न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकणं, हाच फ्लुओरेसन्स.

आता मुद्द्याचं. एनएडीएच सुमारे ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश घेतो आणि ४६० च्या आसपासचा निळा देतो. हायड्रोजन देऊन तो एनएडी झाला की ही चमक जाते. एफएडीचं उलट आहे. रिकामा असताना तो हिरवा चमकतो, हायड्रोजन घेतला की जवळजवळ विझतो.

समजा पेशीचा ऑक्सिजन तोडला. हायड्रोजन पुढे घ्यायला कोणी उरत नाही. ठाण्याला एक लोकल अडकली की मागे कळव्यापर्यंत रांग लागते ना, तसा एनएडीएच साठतो आणि निळा वाढतो. ब्रिटन चान्स आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत व मूत्रपिंडात हेच दाखवलं. रंगद्रव्य नाही, पेशी मारणं नाही. म्हणून ‘निळा वाढला म्हणजे पेशी जोरात काम करतेय’ असं लगेच लिहू नका, ती गुदमरतही असेल!

फास्ट लोकलने सीएसएमटीला उतरून कुलाब्याच्या टोकाला गेलात की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथल्या सुदीप्त मैती यांच्या गटाने २००५ साली एकेका जिवंत चेतापेशीत सिरोटोनिन किती बनतं, कुठे साठतं याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. सिरोटोनिनही स्वतः चमकतं, पण त्याला लागणारा अतिनील झोत पेशीला इजा करतो. उपाय असा, की अवरक्त लेझरचे तीन फोटॉन रेणूने एकदम शोषायचे. तिघांची ऊर्जा मिळून एका अतिनील फोटॉनएवढी होते, तीही फक्त जिथे झोत एकवटतो त्या ठिपक्यात.

वहीसाठी प्रश्न: गुदमरलेल्या पेशीला ऑक्सिजन परत दिला, तर निळ्याचं काय होईल आणि हिरव्याचं काय? कारणासह लिहा.