घरी शिकणाऱ्या मुलाचा अभ्यासक्रम कसा निवडावा?

नमाजीनंतर मशिदीत थांबून शिक्षणाविषयी विचारणारे पालक अलीकडे वाढले आहेत. कोणी मुलाला हिफ्जसाठी शाळेतून काढलेले असते, कोणाची मुलगी आजारपणामुळे शाळेत जाऊ शकत नाही, तर कोणी विचारपूर्वकच घरी शिकवायचे ठरवलेले असते. प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : "मौलाना, कोणती पुस्तके घ्यावीत?" पूर्वी मी या प्रश्नाचे उत्तर लगेच देत असे. आता आधी मीच विचारतो की, मूल कसे आहे?

हा बदल एका सात वर्षांच्या मुलामुळे झाला. तो मकतबमध्ये माझ्याकडे नूरानी कायदा शिकत होता. प्रत्येक तख्ती अस्खलित म्हणून दाखवी, म्हणून मी पुढची तख्ती देत गेलो. एके दिवशी सहज मी पान तळहाताने झाकले आणि दोन बोटांच्या फटीतून एकच अक्षर दाखवले. त्याला ते ओळखता आले नाही. दुसरे दाखवले, तेही नाही. तो कायदा वाचतच नव्हता. इतर मुलांचा आवाज ऐकून संपूर्ण पान पाठ करीत होता आणि बोट केवळ अंदाजाने पुढे सरकवीत होता. मी सर्वांसमोर रागावलो. दुसऱ्या दिवसापासून त्याचे पोट दुखू लागले. आठवड्याने त्याची आई आली आणि म्हणाली, "हजरत, आता घरी कुरआनचे नाव काढले तरी तो गप्प होतो." त्या रात्री मला झोप लागली नाही. अल्लाहने त्या बालकाला विलक्षण कान आणि स्मरणशक्ती दिली होती. मी त्या देणगीलाच अपराध ठरवले होते.

पुढे मी कायद्याचा क्रम बाजूला ठेवला. सूरह फातिहा त्याला मुखोद्गत होती. तिचाच एकेक शब्द पाटीवर लिहून, आधी ऐकून मग अक्षर शोधण्यास त्याला सांगितले. जे येत होते त्याच्या आधाराने, जे येत नव्हते ते हळूहळू आले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात याचा सुंदर नमुना आहे. हुनैनहून परतीच्या वाटेवर मक्केचे काही तरुण अजानची नक्कल करून थट्टा करीत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना बोलावून घेतले, कोणाचा आवाज अधिक चांगला आहे हे पारखले आणि त्या तरुणाला, ह. अबू महजूरा (रजि.) यांना, स्वतः अजानचा एकेक शब्द शिकवला. पुढे तेच मक्केचे मुअज्जिन झाले. थट्टेतसुद्धा गुण हेरणारी ती दृष्टी! आपण मात्र पुष्कळदा गुणातही खोडीच पाहतो.

आपल्या पूर्वसूरींनीही हा विषय सविस्तर मांडला आहे. इब्न कय्यिम (मृत्यू 1350) बालसंगोपनावरील ग्रंथात सांगतात की, मुलाचा कल आणि तयारी पाहावी. आकलन व स्मरण उत्तम असल्यास त्याला विद्येकडे न्यावे, हस्तकौशल्याकडे ओढ असल्यास तो मार्ग मोकळा करावा. इब्न खल्दून यांनी 1377 मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त, आरंभीच कठीण प्रश्न विद्यार्थ्यावर लादणाऱ्या शिक्षकांवर टीका केली आहे. त्यांच्या मते विषय आधी ढोबळपणे, मग तपशिलाने, मग सर्व गुंतागुंतीसह, अशा तीन फेऱ्यांत शिकवावा.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. 'हे मूल डोळ्यांनी शिकणारे, ते कानांनी शिकणारे' असे शिक्के मारण्याची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. 2008 मध्ये अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधन तपासले, तेव्हा असा शिक्का मारून त्यानुसार शिकवल्याने मूल अधिक शिकते, याला पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. मकतबमधल्या त्या मुलालाही शेवटी डोळ्यांनीच वाचावे लागले. कान हे केवळ प्रवेशद्वार होते. म्हणून शिक्का नको, निरीक्षण हवे. पुस्तके विकत घेण्यापूर्वी दहा-बारा दिवस केवळ पाहावे : फज्रनंतर मन ताजे असते की असरनंतर? किती वेळाने चुळबुळ सुरू होते? मराठी उतारा वाचून तो स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का? भागाकार अडतो, की मुळात पाढेच कच्चे आहेत? वयाने पाचवीतील मूल गणितात तिसरीत आणि भाषेत सातवीत असू शकते. त्याला तिन्ही इयत्तांची पुस्तके लागतील, आणि त्यात कमीपणा नाही. बालभारतीची पुस्तके मराठी व उर्दू दोन्ही माध्यमांत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. महागडे संच घेण्याची घाई करू नये.

परीक्षेची चिंता रास्त आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष आहेत. तिची माध्यमिक परीक्षा मराठीतून व उर्दूतूनही देता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी असतात. म्हणजे ज्या विषयाची तयारी झाली तो आधी देता येतो. हाफिज होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे. तथापि, हिफ्जच्या काळात मराठी व गणित पूर्ण बंद ठेवणाऱ्या घरांशी मी सहमत नाही. रोजचा पाऊण तासही पुढची ओढाताण टाळतो.

हिफ्जमध्ये तर क्षमतेचा विचार सर्वांत जास्त हवा. एखादे मूल दिवसाला पान पाठ करते, एखादे तीन ओळी. वेग ठरवताना सबक पाहू नये, मंजिल पाहावी. जुना पारा अडखळू लागला की नवा सबक थांबवावा, मग शेजारचा मुलगा कितीही पुढे गेलेला असो. अल्लाहने कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडचे ओझे टाकले नसल्याचे सूरह बकरहच्या अखेरीस स्पष्ट आहे. तीच आयत मुलाकडून पाठ करून घेताना आपल्या हातात छडी असू नये.

तो मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. नाजिरा पूर्ण झाला आहे. गणित मात्र त्याला अजून जड जाते, म्हणून त्याची आई पाढे सुरात म्हणून घेते आणि नंतर वहीवर उदाहरण झाकून एकेक आकडा विचारते.