टॉन्सिल मोठे दिसले, एवढ्यावर काढायचे नसतात

मोबाइलच्या उजेडात मुलाचा घसा पाहायचा, दोन लाल गोळे दिसले की दवाखाना गाठायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, टॉन्सिल वाढलेत, काढूनच टाका." लहानपणी टॉन्सिल मोठेच असतात! त्या वयात शरीर रोज नवे जंतू ओळखायला शिकत असतं, आणि टॉन्सिल ही त्या शिकण्याची एक जागा. वय वाढलं की ते आक्रसतात.

टॉन्सिलमधल्या आधारपेशी, म्हणजे स्ट्रोमल पेशी, शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं नुसते मांडवाचे खांब वाटत होत्या. प्रत्यक्षात कुणी कुठे बसायचं हे त्याच ठरवतात. त्यांच्या रासायनिक संकेतांमुळे जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी एका भागात जमतात, बी पेशी दुसऱ्या भागात. काही आधारपेशी जंतूंचे अंश अंगावर धरून बी पेशींना पुन्हा पुन्हा दाखवतात. ज्यांची प्रतिपिंडं त्या अंशाला घट्ट चिकटतात, त्या बी पेशी टिकतात. म्हणून टॉन्सिल निरुपयोगी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मध्यंतरी एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. व्हिडिओ पाहून गळ्याला चुना-मध लावलेला, कातडी भाजलेली. वर मोठ्या भावाचं उरलेलं अँटिबायोटिक दोन दिवस पाजलेलं. मुलाला नाक गळणारी साधी सर्दी होती, घसा विषाणूंमुळे दुखत होता. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. आजींची माया खरी होती, पण मी त्यांना रागावलेच. मूल चार दिवसांत खेळायला लागलं.

स्ट्रेप्टोकोकस जंतूची लागण असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा. साधारणपणे तो 10 दिवसांचा असतो. अर्धवट सोडू नका. या आजारातून पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

शस्त्रक्रियेचा विचार कधी? वर्षात 7 वेळा, सलग दोन वर्षं दरवर्षी 5 वेळा किंवा तीन वर्षं दरवर्षी 3 वेळा घसा खरोखर बिघडला तर. किंवा झोपेत घोरताना मुलाचा श्वास अडकत असेल तर. अशा मुलांचे टॉन्सिल काढले असतील तर घाबरू नका. हेच काम करणाऱ्या गाठी शरीरात इतरत्रही आहेत.

मोठ्या माणसाचा एकच टॉन्सिल वाढत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा, त्यामागे कर्करोग असू शकतो. आणि तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज दबका झाला किंवा श्वासाला घरघर लागली, तर सकाळची वाट पाहू नका. घशात बोट-चमचा न घालता त्याच रात्री रुग्णालयात न्या.