रंगमंचावरून उभा राहणारा सेवानिधी

संगीत आणि नाट्य या कलांना महाराष्ट्रात केवळ करमणुकीचे साधन मानले गेले नाही. दुष्काळ असो, शाळेची इमारत असो वा रुग्णालयातील नवा कक्ष असो, 'मदतीचा प्रयोग' लावणे ही येथील गावोगावची रीत आहे. एच.आय.व्ही.बाधितांच्या साहाय्यासाठी मात्र या जुन्या रीतीला एक नवे काम करावे लागले. या कामी पैशाआधी लोकांच्या मनातील भीती दूर करणे आवश्यक होते.

परंपरा

नाशिककरांना या परंपरेचा परिचय आहे. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही संस्था राजाश्रयावर नव्हे, तर लोकाश्रयावर चालली. पंडितजींच्या जाहीर जलशांचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या कामी येई. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी नाशिक येथे रामनाम आधाराश्रम स्थापन केला आणि तेथेही शिष्य घडविण्याचे व्रत चालू ठेवले. कलावंताची कमाई समाजाच्या कारणी लागावी, हा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एकाच रंगमंचावर उभे राहिले. लोकांनी चढ्या दराची तिकिटे आनंदाने घेतली. एरवी पाहावयास न मिळणारा योग जुळवून आणल्यास प्रेक्षक तिकिटाच्या किमतीपेक्षा अधिक देण्यास तयार होतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

१९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांचे सहकारी यांनी हीच वाट पुढे नेली. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांच्या संचात महाराष्ट्रभर करण्यात आले. जमलेली रक्कम खर्चून न टाकता तिची ठेव करावयाची आणि व्याजातून समाजकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन द्यावयाचे, अशी ही योजना होती. एका रात्रीच्या प्रयोगाचे फळ अनेक वर्षे मिळत राहावे, हा विचार त्यामागे होता.

एड्सचे आव्हान

भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम १९८६ मध्ये आढळली. या रोगाभोवती भयाचे आणि अपसमजांचे दाट आवरण होते. पूरग्रस्तांसाठी पैसे देणारा सद्गृहस्थ या कारणासाठी पावती फाडण्यास कचरत असे. ही अडचण केवळ आपल्याकडेच होती असे नव्हे. पाश्चात्त्य देशांतही नामवंत कलावंत पुढे झाल्यावरच देणग्यांचा ओघ वाढला.

त्यातील एका प्रकरणाचा महाराष्ट्राशी संबंध आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे त्याचे निधन झाले. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्याच्या साथीदारांनी भव्य स्मृतिमैफल केली आणि तिच्या उत्पन्नातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट हा न्यास उभा राहिला. या न्यासाने जगातील अनेक देशांतील एड्सविषयक कार्यास अर्थसाहाय्य दिले आहे. ज्याच्या आवाजावर लोकांनी प्रेम केले, तोच या रोगाने गेला, हे कळल्यावर रोगाकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी बदलली.

हासेगावची मुले

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील हासेगाव येथे श्री. रवी बापटले यांनी २००७ मध्ये 'सेवालय' सुरू केले. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या, बहुतांशी आईवडिलांचे छत्र हरपलेल्या मुलांचे हे घर होय. प्रारंभीचा काळ कठीण होता. २००९ मध्ये ही मुले गावच्या शाळेत येऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठविणे थांबविले होते.

याच सेवालयातील मुलांनी पुढे 'हॅपी म्युझिक शो' हा गीत, संगीत व नृत्याचा कार्यक्रम बसविला आणि गावोगावी सादर केला. येथे निधीसाठी बाहेरून कलावंत आणण्यात आले नाहीत. ज्यांच्यासाठी निधी, तेच कलावंत झाले. तालावर पावले टाकणारी मुले समोर दिसतात, तेव्हा एच.आय.व्ही. म्हणजे मरण, ही समजूत आपोआप गळून पडते. सोबत बसल्याने, हस्तांदोलनाने किंवा एकाच ध्वनिक्षेपकावरून गायल्याने लागण होत नाही, ही गोष्ट शंभर भित्तिपत्रकांपेक्षा अशा एका कार्यक्रमातून अधिक ठसते.

निधीचा विनियोग

१ एप्रिल २००४ पासून देशात शासकीय केंद्रांतून ए.आर.टी. औषधे विनामूल्य देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातही ही सोय आहे. औषध नियमितपणे घेणारी व्यक्ती दीर्घ व कार्यक्षम आयुष्य जगू शकते. मग देणगीची गरज कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. औषध विनामूल्य असले तरी केंद्रापर्यंतचा प्रवास, बुडालेली रोजमजुरी, सकस आहार आणि मुलांचे शिक्षण यांचा भार कुटुंबावर पडतोच. औषध आजन्म घ्यावयाचे असल्याने हा भारही आजन्म असतो. म्हणूनच कृतज्ञता निधीचा धडा येथे मोलाचा ठरतो. सहा टक्के व्याज धरले तर एक लाख रुपयांच्या ठेवीतून महिन्याला पाचशे रुपये मिळतात. दूरच्या पाड्यावरून औषधासाठी येणाऱ्या मायलेकराच्या एस.टी. भाड्याची चिंता त्यातून मिटू शकते.

संयोजकांनी घ्यावयाची दक्षता

असा कार्यक्रम योजणाऱ्या मंडळांनी प्रथम खर्चाचा अंदाज बांधावा. नाट्यगृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, वादकांचे मानधन व प्रवासखर्च वजा जाता फारसे काही उरत नसेल, तर गाजावाजा मोठा आणि मदत थोडी, असे होते. मुख्य गायकाने मानधन सोडले तरी तबलजी, पडदे ओढणारा आणि रंगभूषाकार यांचे पोट हातावर असते, याचे भान ठेवावे. तिकीटविक्रीबरोबर स्मरणिकेतील जाहिराती आणि थेट देणग्या यांची जोड द्यावी. प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि तपासलेला हिशेब देणगीदारांसमोर मांडावा. नोंदणीकृत न्यासाच्या नावेच निधी गोळा करणे हितावह असते.

दुसरी दक्षता अधिक नाजूक आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ नुसार कोणाही व्यक्तीच्या संसर्गाची माहिती तिच्या संमतीविना उघड करता येत नाही. त्यामुळे देणग्या वाढाव्यात म्हणून कोणाला रंगमंचावर उभे करून त्याची कहाणी सांगणे उचित नव्हे. जो स्वेच्छेने व संमतीने पुढे येईल, त्याचा परिचय कलावंत म्हणून व्हावा, दयेचा विषय म्हणून नव्हे.

नाशिक शहरास नाट्यगृहांची, संगीतसभांची आणि रसिकांची वाण नाही. गणेशोत्सवातील एक संध्याकाळ किंवा नाट्यमहोत्सवातील एक प्रयोग या कामी राखून ठेवणे मंडळांना सहज शक्य आहे. त्यातून जमणारी रक्कम लहान असेल. परंतु नियमित असेल तर ती एखाद्या मुलाचे शिक्षण पूर्ण करू शकेल. आणि तिकीट काढून त्या कार्यक्रमाला आलेला नागरिक उद्या आपल्या शेजारच्या एच.आय.व्ही.बाधित कुटुंबाला दार बंद करणार नाही. निधी मोजता येतो, हा लाभ मोजता येत नाही. पण तोही तितकाच आवश्यक आहे.