मोजायचं ते लोडवर

बाळा, जुनी गाडी घेतलीस, चांगलं केलंस. आता सकाळी सेल्फ जड फिरतो म्हणून लगेच नवी बॅटरी आणायला धावू नकोस. दोष बऱ्याचदा गंजलेल्या अर्थच्या पट्टीत नाहीतर ढिल्या टर्मिनलमध्ये असतो, आणि साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ असला तर तो अंगणातच सापडतो. उस्तादांच्या हाताखाली मी जे शिकलो, तेच तुला सांगतो.

आधी हात सांभाळ. अंगठी, कडं, घड्याळ, साखळी काढून ठेव. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण अंगठी किंवा पाना प्लस आणि बॉडीच्या मध्ये अडकला तर शेकडो अँपिअर त्यातून जातात आणि धातू क्षणात तापतो. म्हणून बॅटरी सोडवताना मायनस आधी काढायचा आणि जोडताना शेवटी लावायचा. मायनस सुटलेला असला की प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे विडी-काडी नको. आणि इंजिन चालू असताना टर्मिनल कधीही काढू नकोस. अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड किंवा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

बॅटरी भरलेली आहे की नाही, ते सकाळी बघ. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की आधी चार्जिंगला लाव, बाकीच्या परीक्षा नंतर. मात्र हा आकडा फक्त भरणा सांगतो, ताकद सांगत नाही. ताकद कळते ती सेल्फ मारतानाच.

सेल्फ मारताना मोज. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेव, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालत राहणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव आणि त्याच्या सुया टर्मिनलवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकव. दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांग. एका वेळी पाच-सात सेकंद पुरेत, मग सेल्फला थंड होऊ दे. भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली कोसळली तर ती तरी थकलीय, नाहीतर सेल्फ अडकून जास्त करंट ओढतोय. पण आकडा दहाच्या वर टिकला आणि तरीही सेल्फ रडतच फिरला, तर बॅटरी निर्दोष आहे. व्होल्टेज वाटेत खाल्लं जातंय, नाहीतर सेल्फ आतून खराब आहे. आता वाट तपासायची.

वायर बीप करते म्हणून चांगली समजू नकोस. हा सगळ्यात मोठा कानमंत्र. जाड वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला तरी मीटरचा बझर वाजतो. साकवावरून माणूस जातो म्हणून बैलगाडीही जाईल असं नसतं. हिशोबच कर: सांध्यात ०.०१ ओहमचा अडथळा आहे. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळाच त्याहून जास्त, त्यामुळे तो ओहममध्ये दिसणारच नाही. ५ अँपिअरच्या हेडलाइटला त्याने ०.०५ व्होल्टचाच फरक पडेल. पण सेल्फ १५० अँपिअर ओढतो, तिथे तोच अडथळा दीड व्होल्ट खातो. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

कसं, ते ऐक. एक सुई बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरी सेल्फच्या त्या बोल्टवर जिथे बॅटरीची जाड वायर येते. कुणीतरी सेल्फ मारू दे. मीटर जो आकडा दाखवेल, तेवढं व्होल्टेज त्या वाटेत गेलं. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. मग एक सुई मायनस खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. इथे ०.२ पेक्षा जास्त नको. आकडा मोठा आला तर वाटेचे तुकडे पाड: खुंट ते टर्मिनल, टर्मिनल ते वायरीच्या टोकाचा लग, लग ते बोल्ट. एका सांध्यात ०.१ च्या वर गेलं की चोर सापडला.

अर्थवर आधी संशय घे. प्लसची वायर सगळे बघतात, मायनसकडे कुणी बघत नाही. पण जितका करंट जातो तितकाच परत यावा लागतो. इंजिन आणि बॉडी यांच्यातली पट्टी तुटली तर तो क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटला, तर मागच्या दिव्याचा अर्थ बघ. आपल्या कोकणात खारी हवा आणि चार महिने पाऊस, तेव्हा पावसाळा संपला की हे सांधे दर वर्षी उघडून बघच.

साफ करायची रीत. मायनस, मग प्लस काढ. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नकोस. कोरडं कर, पॉलिश पेपरने धातू उजळव, घट्ट आवळ आणि मग वरून पेट्रोलियम जेली लाव. नंतर पुन्हा मोज. मोजल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही.

दिव्यांनाही हाच नियम. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणून जास्त वॅटचा बल्ब घालण्याआधी दिवा लावून बल्बच्या सॉकेटवर मोज. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. सॉकेटवर दीड-दोन व्होल्ट कमी दिसले, तर स्विच, रिले आणि अर्थ तपास. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाल. मोठा फ्यूज किंवा तार घातलीस तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

कुठे थांबायचं. पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, नारिंगी जाड केबल हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या उच्च दाबाच्या. त्यांना हात लावू नकोस. बाकीचं करूनही दोष उरला तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण “जरा बॅटरी बघा” एवढंच म्हणू नकोस. सांग, “खुंटांवर १०.४ टिकतात, प्लसच्या वाटेत ०.३ जातात, अर्थमध्ये ०.१.” एवढ्यावरून चांगला कारागीर सरळ सेल्फच उघडेल, आणि तुझे नको त्या बॅटरीचे पैसे वाचतील.