ड्रममधले पाणी आणि डेंग्यूचा ताप

वर्षावासाचे तीन महिने हाच साधारण डेंग्यूच्या जोराचा काळ. पाचोऱ्यात काय किंवा जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही वस्तीत काय, नळ रोज येईल याचा भरवसा नसतो. म्हणून घरोघरी ड्रम, रांजण भरून ठेवावे लागतात. हा कोणाचा आळस नव्हे. नियमित पाणी देणे नगरपालिकेचे काम आहे, ते आपण अर्ज देऊन मागत राहूच. पण तोवर डास थांबत नाही.

डेंग्यूचा एडिस डास गटारीत वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. तो दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपलेल्या लेकरालाही मच्छरदाणी हवी. त्याची अंडी ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने जगतात. पाणी ओतून दिले म्हणजे झाले, असे आपण समजतो. पुन्हा ड्रम भरला की त्यातून अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून खसाखसा घासावा. पाणी फेकू नये, कापडाने गाळून धुण्याभांड्याला वापरावे. भरलेल्या ड्रमच्या तोंडाला सुती कापड घट्ट बांधावे. उन्हाळ्यात लावलेल्या कूलरच्या तळाशी पाणी राहिले आहे का, तेही पाहावे. रिकामी न होणाऱ्या टाकीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांकडे गप्पी मासे मागावेत. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या टाकीपासूनच सुरुवात करता येईल.

अचानक जोराचा ताप आला, डोळ्यांमागे दुखू लागले, अंग मोडून आले, तर फक्त पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन किंवा अंगदुखीची डायक्लोफिनॅकची सुई नको. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, ओआरएस, पेज देत राहावे. किवी अन् पपईच्या पानांच्या गोळ्यांवर मजुरीचे पैसे घालवू नयेत.

खरा धोका ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे म्हणतात, बरं वाटतंय, आणि माणूस कामावर जातो. अशा वेळी पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. जाताना ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते सांगा, कारण पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एक तपासणी करतात आणि त्यानंतर दुसरी.